चार हजार चारशे चाळीस फेरे

पंखा फिरतोय की नाही हे कळायला माणसाला काय लागतं? समोर हात धरायचा, वारा लागला की फिरतोय. एवढ्याशा गोष्टीवर मी आयुष्याचं सव्वा वर्ष घालवलं. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं, गाव बेंगळुरू, आणि आमची कंपनी इंदिरानगरातल्या एका भाड्याच्या बंगल्यात. कुणाच्या तरी दिवाणखान्यात आमची लॅब होती आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर सोल्डरिंग चालायचं. कारखान्यांना लागणारे कॉम्प्युटर आम्ही तिथे जुळवायचो, तपासायचो आणि पाठवायचो.

माझं काम काय ते आधी सांगून टाकते, कारण तेव्हा ते घरीही कुणाला कळलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर एक छोटा पंखा असतो. तो थांबला की प्रोसेसर तापतो आणि शेवटी जळतो. म्हणून बोर्डावर एक चिप बसवतात, ती पंख्याचे मिनिटाला किती फेरे होतात ते मोजत राहते. पण तिचा आकडा तिच्यापाशीच. तो विचारून बाहेर स्क्रीनवर आणायचा तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात, कर्नलमध्ये, एक प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मी लिहीत होते. साध्या प्रोग्रॅममध्ये चुकलं तर प्रोग्रॅम बंद पडतो, कर्नलमध्ये चुकलं तर सबंध मशीन गोठतं. मग बटण दाबा, सुरू व्हायची वाट बघा, दोन ओळी बदला, पुन्हा गोठवा. असं दिवसातून वीसवीसदा. जयनगरहून दोन बस बदलून रोज मी हे करायला यायचे. संध्याकाळी खोलीवर गेले की घरमालकीणबाई विचारायच्या, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढंच, पण त्याचंही उत्तर द्यायचा कंटाळा यायचा.

लॅबमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि अण्णा. मी निपाणीकडची, त्यामुळे मला कानडी नवं नव्हतं. अण्णांचं घराणं मात्र तीनएकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठी फक्त घरात उरलेली, आणि तीही अशी की 'मी केलो', 'मी बघितलो' म्हणणार. पहिल्या आठवड्यात मी एकदा ते सुधारायला गेले, तर म्हणाले, "तुमची मराठी शाळेची आहे, आमची घरची आहे. असू दे की." पुन्हा मी त्या वाटेला गेले नाही. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण मला अक्का म्हणायचे. सगळ्याच बायकांना म्हणत.

घरचा धंदा शिवणकामाचा. तीन भाऊ शिलाई मशीनवर, हे एकटेच रेडिओ उघडून बसायचे आणि त्यापायी मार खायचे. डिग्री नाही, डिप्लोमा नाही. पण रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे, जे बघायला आम्ही पोरंपोरी भिंग घेऊन बसायचो, ते अण्णा हातभर लांबून वाचून दाखवायचे. डोळ्यांचा त्यांना भारी तोरा होता. "आमच्या घरात सगळ्यांना चाळिशीत चष्मा लागला, सुईपायी. मला नाही. मी सुई धरलोच नाही," असं ते महिन्यातून एकदा तरी ऐकवायचेच. प्रत्येक मशीन बाहेर पडण्याआधी तपासून कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. अकरा वर्षं टेंपररी होते. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांना कायम करण्याची फाईल साहेबांच्या टेबलावर पोचली होती. मार्चअखेर तिचा निकाल लागायचा होता. अण्णा त्याबद्दल बोलायचे नाहीत, पण साहेबांच्या खोलीत कुणी गेलं की त्यांचे हात थांबायचे, ते मला दिसायचं.

आता उदबत्तीचं. लॅबच्या कोपऱ्यात देवाचा एक फोटो होता. सकाळी आल्यावर अण्णा उदबत्ती पेटवायचे, पण सरळ देवापाशी न्यायचे नाहीत. आधी बेंचवर चालू असलेल्या एकेका उघड्या मशीनपाशी ती धरायचे. धूर सुर्रकन आत खेचला गेला की मान हलवून पुढच्या मशीनकडे. धूर सरळ वर गेला तर ते मशीन बाजूला. सगळी मशीनं झाली की उरलेली उदबत्ती देवाला. मी म्हटलं, "अण्णा, देवाला उष्टी उदबत्ती?" तर म्हणाले, "देवाला चालतंय. पंखा बंद असलेलं मशीन गिऱ्हाईकाला चालत नाही."

इकडे माझं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. पंखा थांबला की चिप २५५ हा आकडा द्यायची. तो आला की ड्रायव्हरने शून्य फेरे दाखवायचे आणि भोंगा वाजवायचा. पण आमच्या बोर्डावर ती चिप दुसऱ्या कामात गुंतलेली असली की उत्तरच द्यायची नाही, आणि उत्तर आलं नाही तरी माझ्या हाती पडायचा तो २५५च. म्हणजे पंखा मेला तरी २५५, आणि चिपने ऐकलं नाही तरी २५५. त्यामुळे पंखा छान भिरभिरत असताना दर दहा मिनिटांनी भोंगा वाजायचा. लॅबमधल्या सगळ्यांचं डोकं उठलं. कुणी मुकाट्याने भोंग्याच्या तारा काढून ठेवायचं, मी पुन्हा लावायचे.

यावर उपाय होता. चिपला तिची ओळख विचारायची एक वेगळी जागा असते. २५५ आला की तिथे विचारून बघायचं. तिथून बरोबर उत्तर आलं तर चिप जागी आहे आणि २५५ खरा आहे, पंखा थांबलाय. तिथूनही काही आलं नाही तर 'आकडा मिळाला नाही' असं सरळ सांगायचं. ओळी दहाबारा, पण सगळ्या बोर्डांवर नीट तपासायचं तर दोन आठवडे. आणि साहेब दारात येऊन उभे. बाहेरचे पाहुणे लॅब बघायला येणार होते. साहेब इंग्रजीत बोलायचे, आणि तेही मोजक्या शब्दांत. त्यांचं म्हणणं एवढंच की पाहुण्यांसमोर स्क्रीनवर शून्य दिसता कामा नये, भोंगा वाजता कामा नये, आणि परवापर्यंत.

मी थकले होते. हे कारण आहे, सबब नाही, पण थकले होते हे खरं. मी तीन ओळी लिहिल्या. २५५ आला तर तो टाकून द्यायचा आणि मागचा चांगला आकडा होता तोच पुन्हा दाखवायचा. मग लक्षात आलं की मशीन नुकतंच सुरू झालेलं असेल तर मागचा आकडा कुठून आणणार? म्हणून सुरुवातीला मीच एक आकडा भरून ठेवला. आधी ४४०० लिहिला होता. तो फार गोल, खोटा वाटेल, म्हणून पुसून ४४४० केला. आमचे पंखे साधारण तेवढेच फिरायचे. वर शेरा लिहिला, 'तात्पुरते, नंतर काढणे.' पाहुणे आले, स्क्रीन बघून खूश झाले, गेले. नंतर दुसरं काम अंगावर पडलं आणि ते 'नंतर' राहून गेलं. वेळ मारून नेली, दुसरं काय.

त्याच पाहुण्यांमुळे लॅबला नियम लागले. दर्जाचं प्रमाणपत्र मिळवायचं होतं. सगळं कागदावर हवं, लॅबमध्ये खाणं नको, धूर नको. देवाचा फोटो बाहेर जिन्यापाशी गेला आणि उदबत्ती त्याच्याबरोबर गेली. तपासणीच्या कागदावर नवा रकाना आला, 'पंख्याचे फेरे, स्क्रीनवरून'. अण्णा तो कागद हातात धरून माझ्या टेबलाशी आले.

"अक्का, पंखा थांबला तर हे तुझं सॉफ्टवेअर सांगतंय की नाही?"

मी काहीतरी टाइप करत होते. मान वर न करता म्हटलं, "सांगतं."

"सरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणाले, आणि गेले.

त्या तीन ओळी मला त्या क्षणी आठवल्या नव्हत्या असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आठवल्या होत्या. मला वाटलं, पुढच्या आठवड्यात काढीनच की.

मार्चच्या मध्यात मारतहळ्ळीच्या एका कारखान्यातून निरोप आला, तुमचं मशीन बंद पडलंय. तेव्हा मारतहळ्ळी म्हणजे गावाबाहेरचं गाव, पुढे नुसती शेतं. साहेबांनी मला आणि अण्णांना पाठवलं. मशीन त्यांनी एका बंद लोखंडी कपाटात ठेवलं होतं, आत हात घातला तर भट्टी. अण्णांनी झाकण काढलं. आतल्या वायरींची एक जुडी बांधलेल्या जागेतून सुटून पंख्याच्या पात्यांत जाऊन बसली होती. पंखा जागचा हलू शकत नव्हता. वायरीवर घासल्याची खूणसुद्धा नव्हती, म्हणजे आमच्याकडे झाकण लावलं तेव्हापासून तो फिरलेलाच नव्हता. आमच्या थंड लॅबमध्ये दोन तास निभावलं, या कपाटात महिनाभरही नाही. प्रोसेसर जळाला होता.

अण्णांनी सोबत आणलेला तपासणीचा कागद काढला. पंख्याचे फेरे, चार हजार चारशे चाळीस. खाली त्यांची सही, झोकदार.

मी त्या मशीनची डिस्क काढून, बदली म्हणून सोबत नेलेल्या आमच्या मशीनला तिथेच लावली आणि रोजची नोंद उघडली. दर पाच मिनिटांनी एक आकडा. ४४४०, ४४४०, ४४४०. पानंच्या पानं, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. खरा पंखा असा फिरत नाही, तो ४४११ होतो, ४५०० होतो, डुलत असतो. तो आकडा चिपचा नव्हता, पंख्याचा नव्हता, माझा होता. मी हाताने लिहिलेला.

"आकडा होता की," अण्णा माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले. "इथेही आहे. मग पंखा कसा काय..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांनी गणित केलं ते उलटं. सॉफ्टवेअर खोटं बोलणार नाही, म्हणजे आपणच झाकण लावताना वायर बघितली नाही. आपल्यालाच दिसली नाही.

आम्ही ऑटोने परत निघालो. विमानतळाच्या भिंतीपाशी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले, मग काढून रस्त्यावरच्या पाट्या वाचू लागले. जवळची, मग लांबची. मग मला म्हणाले, "अक्का, खरं सांग. माझे डोळे गेले असतील काय? एवढी वायर मला दिसली नाही म्हणजे काय?"

तेवढंच सांगायचं होतं मला. डोळे ठीक आहेत अण्णा, आकडा खोटा होता. इतकी छोटी दोन वाक्यं. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी."

ते पुन्हा पाट्या वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला बोलावलं. कागद टेबलावर. पंखा अडकलेला, आणि तुम्ही चार हजार चारशे चाळीस लिहून सही करता? अण्णा म्हणाले, "स्क्रीनवर होतं ते मी लिहिलो. पण वायर मी बघायला पाहिजे होती. चूक माझी." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी बघून सांगते. बघायचं काही शिल्लक नव्हतं.

दोन दिवस मी ड्रायव्हर दुरुस्त करत बसले. ज्याला दोन आठवडे लागतील म्हणत होते ते दोन दिवसांत झालं, याचीही लाज वाटली. मग साहेबांच्या खोलीत एकटी गेले आणि सगळं सांगितलं, ४४४० सुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, हाताने झालेली चूक एका मशीनची असते. सॉफ्टवेअरची चूक आपण आजवर पाठवलेल्या सगळ्या मशीनची असते. यातली कुठली चूक कंपनीला झेपेल, तूच सांग. नवा ड्रायव्हर सर्व्हिसच्या नावाखाली सगळीकडे टाकून ये, आणि हा विषय या खोलीत राहू दे.

"आणि अण्णांची फाईल?" मी विचारलं.

"त्यांनी चूक कबूल केली आहे," साहेब म्हणाले.

मी बाहेर आले आणि मूग गिळून बसले. राजीनामा देणार होते, दोनदा लिहिलाही. पण वडिलांना काय सांगायचं, दुसरी नोकरी कुठे बघायची, पुन्हा कुणाच्या लॅबमध्ये पहिल्यापासून सगळं, या विचारानेच इतका शीण आला की कागद ड्रॉवरमध्ये राहिला. माझ्या भित्रेपणाला मी थकवा म्हणत होते. मार्चअखेर अण्णांची फाईल परत आली आणि टेंपररीचा कागदही पुढे वाढला नाही. जाताना त्यांनी बेंच पुसला, स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे लावले, जिन्यातल्या देवाला नमस्कार केला. मला म्हणाले, "येतो अक्का. जेवत जा वेळेवर."

मग मी गावभर हिंडून नवा ड्रायव्हर टाकत राहिले. आता पंखा थांबला तर शून्य दिसायचं, आणि चिपने उत्तर दिलं नाही तर स्क्रीनवर 'आकडा मिळाला नाही'. त्यावर गिऱ्हाइकांचे रोज फोन. हे काय नवीन, आधी तर बरं चाललं होतं. मी प्रत्येकाला तेच समजावून सांगायचे, की आधी बरं चाललं नव्हतं, तसं फक्त दिसत होतं. हे सगळ्या परक्या माणसांना सांगायला माझी जीभ चालायची. एका माणसापुढे तेवढी चालली नव्हती.

असे आठ महिने गेले. अण्णा भावाच्या दुकानात शिवणकामाला बसतात, असं कुणीतरी सांगितलं. जयनगरातच, माझ्या खोलीपासून चालत पंधरा मिनिटं. त्या रस्त्याने जायचं मी टाळू लागले. भाजीला लांबून वळसा घालून जायचे. एका शनिवारी दुपारी त्या वळशाचाच इतका कंटाळा आला की सरळ गेले.

अण्णा दुकानाच्या तोंडाशीच मशीनवर बसले होते. नाकावर जाड काचांचा चष्मा. मला बघून खरोखर आनंदले, स्टूल पुसून दिलं, कॉफी मागवली.

"चष्मा कधी लागला?" मी विचारलं.

"एप्रिलात. डॉक्टर म्हणाला, नको एवढ्यात. पण मीच म्हटलो, दे." ते हसले. "पलीकडचा टीव्हीवाला रिपेरीला बोलावत होता. मी गेलो नाही. करंटचं काम, अक्का. डोळ्यांचा भरवसा नाही तर कशाला? एकदा चुकलो, पुरे. कापड चुकलं तर उसवता येतंय."

कॉफी आली, ती मी हातात धरून बसले. मग सांगितलं. तीन ओळी, पाहुणे, ४४०० पुसून केलेले ४४४०. साहेबांना सांगितलं तेही. मी काही रडले वगैरे नाही, तो हक्कही मला नव्हता. ते ऐकताना त्यांचा पाय मशीनच्या पट्टीवरून खाली आला.

त्यांनी चष्मा काढून कापडाच्या ढिगावर ठेवला. समोरच्या सुया टोचायच्या छोट्या गादीतली एक सुई उपसली, पांढरा दोरा घेतला, उजेडाकडे धरला आणि पहिल्याच झटक्यात ओवला. ओवलेल्या सुईकडे ते बघत राहिले.

"म्हणजे मी बरोबर बघितलो होतो," ते म्हणाले.

"आकडा बरोबर बघितला होता अण्णा. आकडाच खोटा होता. आणि वायर नंतर, झाकण लावताना सरकली असेल. ती कुणालाच दिसली नसती. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"हे तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. कारखान्यात."

त्यांनी सुई पुन्हा गादीत टोचली. आवाज चढला नाही, कपाळावर आठीसुद्धा आली नाही.

"मग ऑटोत," ते म्हणाले, "मी तुला विचारलो होतो की, अक्का."